'स्मृतिचित्रें' : संकट आणि श्रद्धा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत पंचगंगेनें कोल्हापुरास वेढा दिला, त्या आठवड्यांत एक जुनें मराठी पुस्तक पुन्हां माझ्या हातीं आलें. नदीची धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वेळीं पाणी ५५ फुटांच्याहि वर चढलें होतें. पुणें-बंगळूरचा हमरस्ता बंद पडला होता. शाहूपुरींतल्या कुंभारांनीं गणेशचतुर्थीसाठीं घडविलेल्या मूर्ति पाण्यांत विरघळून गेल्या होत्या, आणि भोंवतीं दृष्टि पोंचेल तेथवर पाणीच पाणी असतां नळाला मात्र टिपूस नव्हता. कारण पाणी उपसण्याचीं यंत्रेंच बुडालीं होतीं. अशा वेळीं वरच्या मजल्यावर अडकून पडलेल्या मनुष्यानें काय वाचावें? जड ग्रंथांत चित्त रमेना, म्हणून कपाटांतून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' काढलीं. घटकाभर हंसूं येईल, एवढीच अपेक्षा होती. शाळेच्या पुस्तकांतून वाचलेल्या उताऱ्यांनीं माझी तशी समजूत करून दिली होती, आणि बहुतेक वाचकांचीहि समजूत तीच असते. तिसऱ्या दिवशीं पुस्तक मिटलें तेव्हां आपण आजवर या ग्रंथाची अर्धीच पानें वाचलीं होतीं, असें वाटूं लागलें. उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

ग्रंथाचा इतिहास वाचकांस सामान्यतः ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं मुंबईस वारले. त्यांचें चरित्र लिहावें म्हणून चिरंजीव देवदत्त यांनीं आईकडे आठवणी मागितल्या, आणि आईनें चरित्राची साधनें म्हणून जें लिहून दिलें तेंच चरित्राहून मोठें ठरलें. आधीं 'संजीवनी' साप्ताहिकांत आणि मग १९३४ पासून पुस्तकरूपानें भागशः तें प्रसिद्ध झालें. १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाई निवर्तल्या. चौथा भाग त्यांच्या मागें बाहेर पडला. शाळेची पायरी न चढलेल्या, नवऱ्याकडून कशीबशी अक्षरओळख झालेल्या एका बाईनें मराठी गद्याला असा ग्रंथ द्यावा, याचें कौतुक आमच्या टीकाकारांनीं मनापासून केलें. साधेपणा, निर्व्याजपणा, घरगुती भाषा, विनोद हे गुण सर्वांनीं पाहिले व वाखाणले. त्यांविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो वेगळ्या ठिकाणीं. या ग्रंथाच्या मध्यभागीं एक धर्मांतर आहे, आणि त्याचें काय करावें हें आमच्या टीकेला कधींच नीटसें सुचलें नाहीं. पांढरपेशा हिंदु वाचकानें लक्ष्मीबाईंना आपल्या म्हटलें तें बरेंचसें धर्मांतर बाजूस सारून. 'ख्रिस्ती झाल्या, तरी त्या आपल्याच राहिल्या,' हें वाक्य मीं घरोघरीं ऐकलें आहे, आणि बोलणारानें तें स्तुति म्हणूनच उच्चारलेलें असतें. त्या वाक्यांतल्या 'तरी' या शब्दांत केवढा अन्याय भरला आहे, हें बोलणाराच्या ध्यानींहि येत नाहीं. उलट पक्षीं, भाविक ख्रिस्ती वाचक हा ग्रंथ साक्ष म्हणून हातीं घेतो आणि त्यांतल्या हंशाला नुसतें मिष्टान्न समजतो. एकाला श्रद्धा नको असते, दुसऱ्याला विनोद अनावश्यक वाटतो. माझें म्हणणें असें आहे कीं, या ग्रंथांत त्या दोन वस्तू मुळांत वेगळ्या नाहींतच, आणि त्या वेगळ्या केल्या कीं ग्रंथाचा प्राणच जातो.

प्रारंभच पाहा. १८५७ च्या धामधुमींत लक्ष्मीबाईंच्या आजोबांस फांसावर चढविण्यांत आलें. त्या धक्क्यानें त्यांचे वडील नाना यांच्या मनावर असा कांहीं परिणाम झाला कीं, पुढें सारें जग त्यांना विटाळलेलें वाटूं लागलें. सोंवळ्याचें वेड घरांत शिरलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून आंत यावयाची नाहीं, मुलांनीं कोणास शिवावयाचें नाहीं, आणि साऱ्या घरानें एका मनुष्याच्या भीतीभोंवतीं फिरत राहावयाचें. लक्ष्मीबाई हें इतक्या गमतीनें सांगतात कीं वाचक हंसत हंसत पुढें जातो, आणि आपण काय वाचलें हें विसरतो. वास्तविक येथें एका कुटुंबावर आकाश कोसळलें आहे. त्या आघाताला एका मनुष्यानें दिलेलें हें उत्तर आहे. अरिष्ट आलें, तेव्हां त्यानें दारें लावून घेतलीं. ज्या वस्तूवर आपली सत्ता चालते तेवढी, म्हणजे पाणी, भांडीं आणि बायकामुलें, त्यानें जन्मभर घासून स्वच्छ ठेवली. हा मनुष्य दुष्ट नाहीं. तो भ्यालेला आहे. आणि भयाला त्यानें धर्माचें नांव दिलें आहे. ज्या मुलीनें हें घर पाहिलें, तिच्याच आयुष्यांत पुढें तितकेंच मोठें अरिष्ट आलें, आणि तिनें त्याला कोणतें उत्तर दिलें हा ग्रंथाचा खरा विषय आहे. इतकी घट्ट मांडणी लक्ष्मीबाईंनीं ठरवून केली असेल असें मला वाटत नाहीं. आठवणी जशा आल्या तशा त्यांनीं लिहिल्या. परंतु जिचें आयुष्यच असें घडलें आहे तिच्या आठवणींना मांडणी बाहेरून शोधावी लागत नाहीं.

टिळकांच्या धर्मांतराची हकीकत सर्वश्रुत आहे. नागपुराकडून राजनांदगांवास आगगाडीनें जातांना एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचा संवाद झाला, त्यानें नवा करार हातीं दिला, डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या सर्व कथेंत एक प्रकारची भव्यता आहे. कवीचें मन, मोठ्या शोधांतला पुरुष, त्याला सांपडलेला ग्रंथ! पण आगगाडींतल्या त्या डब्यांत लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांना जी मिळाली ती शोधाची फळें नव्हेत. ती बातमी होती. एका दिवसांत नवरा असून नवरा नाहीं, सासर असून सासर नाहीं, पदरांत लहानगा दत्तू, आणि नातलगांच्या दयेवर दिवस कंठावयाचे, अशी त्यांची स्थिति झाली. सुमारें चार-पांच वर्षांचा हा वियोग. त्या काळांतल्या ब्राह्मण स्त्रीला वैधव्याची वाट ठाऊक होती. तिचे नियम, तिचीं दुःखें, तिची लाज, सारें कांहीं ठरलेलें होतें. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला मात्र रूढीनें नांवसुद्धां ठेवलेलें नव्हतें. कुंकू पुसावयाचें नाहीं, आणि लावून मिरवावयाचेंहि नाहीं.

आमच्या मतें या भागाइतकें सामर्थ्यवान् गद्य त्या पिढींतल्या कोणाहि पुरुष लेखकानें लिहिलें नाहीं. शोकाचें वर्णन करावयाचें म्हटलें कीं त्या काळचे लेखक अलंकारांची पेटी उघडीत. लक्ष्मीबाई काय घडलें तें सांगतात, आणि थांबतात. कोण काय म्हणालें, कोणीं समजूत घातली, कोणीं टोंचून बोललें, आपण कशा वेड्यासारख्या वागलों, हें सर्व त्या सांगतात. आणि स्वतःच्या वेडाकडे पाहून हंसतातहि. हें हंसणें उथळ नाहीं. आपल्यावर कोसळलेल्या गोष्टीपुढें आपण अगदींच लहान नाहीं, हें स्वतःला पटविण्याची ती एक रीत आहे. महापुराच्या दिवसांत आमच्या गल्लींतल्या एका वृद्धेनें बुडलेल्या चुलीकडे बोट दाखवून, आतां चार दिवस स्वयंपाकाची सुट्टी, म्हणून शेजारणींना हंसविलें होतें. तें हंसणें व हें हंसणें एका जातीचें आहे.

नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला टिळकांकडे आल्या. पण श्रद्धेनें नव्हे, नवऱ्यासाठीं. ही गोष्ट त्यांनीं मुळींच लपविलेली नाहीं. एका छपराखालीं दोन धर्म नांदूं लागले. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें, सोंवळें वेगळें. टिळकांनीं या वेळीं त्यांच्यावर धर्माची सक्ति केली नाहीं, हें त्यांच्या मोठेपणाचें लक्षण म्हणून सांगण्यांत येतें, आणि तें खरेंहि आहे. मात्र ज्यानें घर न विचारतां मोडलें त्याच्या या उशिरा आलेल्या सौजन्याचें किती कौतुक करावयाचें, हा प्रश्न मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. लक्ष्मीबाई तो विचारीत नाहींत. तो त्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या मधला प्रश्न होता, असें म्हणून टीकाकारानेंहि पुढें जाणें बरें.

मुख्य प्रसंग यापुढें आहे, आणि तो पाण्याचा आहे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा विचार एके रात्रीं लक्ष्मीबाईंच्या मनांत चालला. तो माणसानेंच केला असला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्यांना अडचण उरली नाहीं. सांगण्यासारखें एवढेंच. येथें दिव्य प्रकाश नाहीं, आकाशवाणी नाहीं, अश्रूंचा पूर नाहीं. ज्या घरांत बाजारची वस्तु धुतल्यावांचून आंत येत नसे, त्या घरच्या मुलीनें दुसऱ्याच्या हातचें पाणी तोंडाला लावलें. नानांनीं अरिष्टाच्या भयानें लावलेलें दार चाळीस वर्षांनीं त्यांच्या मुलीनें आंतून उघडलें. ख्रिस्ती धर्म तिला प्रथम कळला तो हा असा. मतांचा संच म्हणून नव्हे, तर भीति सुटली म्हणून. १९०० सालीं राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, पण माझ्या दृष्टीनें ग्रंथांतलें धर्मांतर त्याआधींच झालेलें आहे.

कोल्हापुरांत त्या आठवड्यांत टँकरच्या पुढें जी रांग लागे तींत घागरी, बादल्या आणि डबे घेऊन सर्व पेठांतलीं माणसें उभीं असत. कोणाची घागर कोणाच्या घागरीला लागली हें तपासण्यास कोणाला सवड नव्हती. संकटांत असें होतें, आणि संकट सरलें कीं पुन्हां जो तो आपल्या माठाकडे जातो. लक्ष्मीबाईंचा विशेष हा कीं त्या परत गेल्या नाहींत.

आतां दोषांकडे वळूं. गंभीर वाचकाची एक तक्रार रास्त आहे. श्रद्धा मनांत कशी रुजली, प्रार्थना करतांना या बाईला काय वाटे, ख्रिस्ताविषयीं तिची नेमकी कल्पना काय होती, याचें उत्तर ग्रंथांत फार त्रोटक मिळतें. जातिभेदाचा उलगडा आणि बाप्तिस्मा यांच्या मधला मार्ग लक्ष्मीबाई चार पावलांत संपवितात. जेथें थांबावें असें आपल्याला वाटतें तेथें त्या एखादी फजितीची गोष्ट सांगून निघून जातात. मला पहिल्या वाचनांत हा संकोच वाटला होता, आणि अजूनहि मी त्याला सर्वस्वीं गुण म्हणावयास तयार नाहीं. विनोद हा कधीं कधीं पडद्याचेंहि काम करतो.

परंतु ज्यांनीं हा आंतला मार्ग सविस्तर सांगितला त्यांच्याशीं तुलना केली म्हणजे या संकोचाची किंमत कळते. बेळगांवांत जन्मलेल्या बाबा पदमनजींनीं १८८८ सालीं 'अरुणोदय' हें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत शंका आहेत, वाद आहेत, ग्रंथांची तपासणी आहे. एका प्रामाणिक बुद्धीचा प्रवास म्हणून तें पुस्तक मोलाचें आहे. मात्र बुडत्या मनुष्यानें तें उघडलें तर त्याच्या हातीं दोर येण्याऐवजीं युक्तिवाद येईल. पंडिता रमाबाईंची गोष्ट अगदीं निराळी. १८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत आई, बाप व बहीण या तिघांचा मृत्यु त्यांनीं पाहिला. पुढें भाऊ गेला, १८८२ सालीं नवरा गेला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी मुली गोळा करून त्यांनीं आणल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. ज्या भुकेनें आपलें घर खाल्लें तिच्याच तोंडांतून शेंकडों मुली ओढून काढणारी ही बाई. तिच्या चरित्रापुढें टीकाकाराची लेखणी नम्र झाली पाहिजे. परंतु १९०७ सालीं त्यांनीं इंग्रजींत जें आपलें अनुभवकथन लिहिलें तें वाचतांना एक गोष्ट जाणवते. पहिला शब्द लिहितांना शेवटचा शब्द लेखिकेस ठाऊक आहे. सर्व दुःखें एका दिशेनें चालत आलेलीं दिसतात, कारण तीं कोठें पोंचलीं हें माहीत झालेलें आहे. साक्ष म्हणून हें योग्यच. तिचें कामच तें. 'स्मृतिचित्रां'तलें दुःख मात्र कोठें जाणार हें त्या पानावरील लक्ष्मीबाईंना ठाऊक नसतें, आणि लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई तें आपल्याला आधीं सांगून टाकीत नाहींत. संकटांत सांपडलेल्या वाचकाला ही सोबत अधिक जवळची वाटते. त्यालाहि पुढचें पान दिसत नसतें.

दीक्षेनंतर आयुष्य सुखाचें झालें असतें तर हा ग्रंथ नीतिकथा झाला असता. तसें झालें नाहीं. मुंबईंत १८९६ सालीं शिरलेला प्लेग देशभर पसरला, १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि पोरक्या मुलांना टिळकांच्या घरीं ठाव मिळूं लागला. पैसा टिळकांच्या हातीं टिकत नसे. येईल तो दुसऱ्याला द्यावयाचा हा त्यांचा धर्म, आणि रात्रीं जेवावयास काय घालावें ही लक्ष्मीबाईंची विवंचना. टिळकांच्या प्रार्थनेंत आकाश असे, लक्ष्मीबाईंच्या प्रार्थनेंत पीठ असे, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. प्लेगच्या दिवसांतली त्यांची रोग्यांची शुश्रूषा, नकुशीसारख्या नकोशा झालेल्या मुलीला घरांत घेणें, यांचीं वर्णनें वाचतांना आपण फार मोठें काम केलें अशी जाणीव लेखिकेच्या एकाहि वाक्यांत डोकावत नाहीं. हातांत काम आलें, तें केलें. करतांना असे असे घोटाळे झाले. आशा हा शब्द या प्रकरणांत कितीसा आला आहे, मीं मोजलेलें नाहीं. पण उद्यांचा स्वयंपाक करावयाचा आहे हें ज्या निश्चयानें ही बाई गृहीत धरते त्याला दुसरें नांव मला सुचत नाहीं.

नगरच्या घरांत बालकवि ठोंबरे यांचें येणें, रुसणें, लाड करून घेणें, हा भाग सर्वांनाच प्रिय आहे. १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून हा पोरगेला कवि गेला. दुसऱ्याच वर्षीं टिळक गेले. १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून, ख्रिस्ताचा पण देशी वळणाचा 'देवाचा दरबार' उभारण्याचें जें स्वप्न त्यांनीं पाहिलें होतें तें अर्ध्यावर राहिलें. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य अवघ्या कांहीं अध्यायांवर थांबलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत पुढें नेलें. काव्य म्हणून 'ख्रिस्तायना'ची योग्यता मोठी आहे असें म्हणवत नाहीं. पण ज्या ग्रंथामुळें एके काळीं आपलें घर मोडलें त्याच ग्रंथांतली कथा नवऱ्याच्या मागें ओळीमागून ओळ लिहीत बसलेली ही वृद्धा डोळ्यांपुढें आणली म्हणजे, 'तरी त्या आपल्याच राहिल्या' या वाक्यांतला 'तरी' किती पोकळ आहे हें कळून येतें.

कोल्हापूरच्या वाचकास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं येथें आले. शेजारीं मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं उभारलेल्या इस्पितळाचे उपकार आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें धर्म न विचारतां घेतले. येथल्या मंडळ्यांतून टिळकांचीं भजनें अजून गाइलीं जातात, अभंगाच्या चालीवर, टाळ-पेटीच्या साथीनें. असें असूनहि ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हणजे वेगळ्या कपाटांत ठेवावयाचें वाङ्मय, हा भेद आमच्या सुशिक्षित घरांतून गेलेला नाहीं. एकटीं 'स्मृतिचित्रें' तेवढीं मुख्य कपाटांत आलीं. आणि तींहि आपण वर म्हटल्याप्रमाणें अर्धींच वाचतों. हिंदु वाचकानें ख्रिस्ताला मानलें पाहिजे, तरच हा ग्रंथ कळेल, असें मी म्हणत नाहीं; मलाहि तें साधलेलें नाहीं. परंतु ज्या श्रद्धेनें या बाईला उभें केलें ती वगळून तिचें उभें राहणें समजत नाहीं, इतकें कबूल करण्यास धर्म आड येऊं नये.

चौथा भाग आधींच्या भागांच्या मानानें विरळ आहे. लिहिणारा हात थकलेला दिसतो. प्रसंग येतात नि जातात, आणि टिळक नसलेल्या घरांत गोष्ट सांगण्याची ती जुनी खुमारी पुष्कळशी मंदावते. संक्षिप्त आवृत्त्यांनीं हा भाग छाटला तर त्यांना दोष देणें कठीण, आणि घाईंतल्या वाचकाची त्यांनीं सोयच केली आहे. ज्यांना मराठी वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं जोसेफाइन इंकस्टर यांचें १९५० चें व शांता गोखले यांचें २०१७ चें अशीं दोन इंग्रजी भाषांतरें उपलब्ध आहेत. तथापि मराठी वाचकानें चारहि भाग सलग वाचावेत, विशेषतः नानांच्या सोंवळ्याचीं पहिलीं पानें संपल्यावर विसरून जाऊं नयेत, एवढी शिफारस करतों. माझी प्रत पुरानंतरच्या ओलीनें फुगली आहे, आणि दुसऱ्या भागाची बांधणी सुटली आहे. गल्लींतली ती वृद्धा सध्यां ती वाचावयास घेऊन गेली असल्यामुळें, या लेखांतले प्रसंग मीं आठवणीनेंच लिहिले आहेत.